०.७ विरुद्ध अख्खी पाचवी

पाचवीच्या गणिताच्या चाचणीत एक साधा प्रश्न होता: ०.७ मोठा की ०.६५? अख्ख्या वर्गाने ०.६५ लिहिलं. खिडकीजवळच्या एका मुलीने तेवढं ०.७ लिहिलं आणि शाळेवर संकट कोसळलं.

गणिताच्या बाई नव्या होत्या. त्यांची नोकरी कायम व्हायची होती आणि ते सगळं वर्गाच्या निकालावर होतं. तरीही त्यांनी मन घट्ट करून त्या मुलीला बरोबर दिलं, बाकीच्यांना चूक. मुख्याध्यापकांनी लगोलग बोलावून घेतलं.

"बाई, एक मूल चुकलं तर मुलाची चूक. अख्खा वर्ग चुकला तर शिक्षकाची. मान्य?"

"हो सर. म्हणूनच मी पुन्हा शिकवते."

"पुन्हा शिकवणं म्हणजे आधी शिकवलं नव्हतं, याची कबुली! त्यापेक्षा ती एकटीच चुकली असं धरा. निकाल बघा कसा उजळतो."

 बाईंनी टेबलावर दोन फिती शेजारी शेजारी ठेवल्या. एक ०.७ मीटर, दुसरी ०.६५ मीटर. पहिली चांगली पाच सेंटीमीटर पुढे होती. मुख्याध्यापकांनी चष्मा लावून दोन्ही निरखल्या.

"फीत अभ्यासक्रमात नाही," ते म्हणाले. "आणि शिवणाच्या तासाचं सामान गणितात कुणाच्या परवानगीने आलं?"

पुढे विषय चिघळू नये म्हणून पालकसभा बोलावण्यात आली, आणि तो रीतसर चिघळला. एक वडील तावातावाने उठले. "एकीकडे सात, दुसरीकडे पासष्ट! आणि चुकली कोण, तर आमची पोरं?"

"शिवाय पासष्ट लिहायला जास्त कष्ट पडतात," एक आई म्हणाली. "त्याचं काही मोल आहे की नाही?"

टाळ्या पडल्या. मागे एक इंजिनिअर बाबा बसले होते. त्यांना खरं उत्तर पक्कं ठाऊक होतं, पण त्यांचा मुलगाही त्याच वर्गात होता. ते बुटाची नाडी बांधत राहिले. ०.६५ मोठं मानायचं का, यावर मतदान सुरू झालं तेव्हा मात्र नाडी एका हाताने धरून त्यांनी दुसरा वर केला.

सगळ्यांचे डोळे बाईंकडे वळले. बाईंनी हात अर्धाच उचलला. मुख्याध्यापकांनी तो पूर्ण मोजला.

दुसऱ्या दिवशी मुलगी पेपर घेऊन समोर उभी राहिली.

"बाई, माझं नक्की कुठे चुकलं?"

बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली. "तुझं नाही गं चुकलं. उत्तर बदललंय."

"कुणी बदललं?"

"सगळ्यांनी मिळून."

मुलीने थोडा विचार केला. मग खोडरबर काढून ०.७ पुसलं, ०.६५ लिहिलं आणि पेपर पुढे सरकवला. "आता बरोबर ना?"

बाईंनी बरोबरची खूण केली. खूण ठळक उमटली. वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला आणि बाई कायम झाल्या.

हे वाचून त्या मुलीसाठी तुमचा जीव हळहळला असेल. सभेतल्या प्रत्येकाचाच हळहळला होता, आणि चहा घेताना त्यांनी तसं एकमेकांना बोलूनही दाखवलं. फक्त तोवर हात मोजून झाले होते.