पाठीवरचे विंचू मोजायचे नाहीत

एका जंगलात, मुलांनो, लाल विंचू फार झाले होते. विंचू चावला की दरदरून घाम फुटायचा, मग हातपाय गार पडायचे, आणि औषध मिळालं नाही तर बहुतेकांचा कारभार आटपायचा. त्या उन्हाळ्यात तीन ससे आणि एक भेकर असेच गेले.

वनराजांना वाईट वाटलं. त्यांना वाईट वाटलं की ते नकाशा काढायला सांगत.

काम अंगभर काटे असलेल्या सगुणा साळूकडे आलं. सगुणा स्वभावाने सरळ. आजवर तिने एकही ठिपका खोटा काढला नव्हता. नियम सोपा होता. दगड उलटायचा, विंचू दिसला की नकाशावर लाल ठिपका द्यायचा. ज्या वस्तीत दहा ठिपके भरतील, तिथे औषधाची पेटी आणि वैद्य.

सगुणा स्वतः कातळवाडीत राहायची, दगडी बांधाच्या पोटात. घरात तीन पिल्लं होती, आणि पेटी वाडीत यावी म्हणून तिचा जीव तुटत होता. तिने वाडीतले सगळे दगड उलटले. विंचू भरले नऊ. नववी होती विंचवीण, आणि तिच्या पाठीवर नुकतीच जन्मलेली एकवीस पिल्लं होती, तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी.

नऊ आणि एकवीस, तीस. सगुणाला हायसं वाटलं. तिने नकाशा कचेरीचे प्रमुख बगळेसाहेब यांच्यापुढे ठेवला आणि पाठीवरच्या पिल्लांचं सगळं खरं खरं सांगितलं.

"सगुणाबाई, आपण जमिनीचा नकाशा काढतो, पाठीचा नाही," बगळेसाहेब म्हणाले. "ज्याचा पाय जमिनीला लागला नाही, त्याला ठिपका नाही."

ती आठवड्याभरात उतरतील आणि चावायला लागतील, असं सगुणाने विनवून सांगितलं. उतरली की पुढच्या सर्वेक्षणात घेऊ, असं साहेब म्हणाले. पुढचं सर्वेक्षण पाच वर्षांनी होतं. साहेबांनी एकवीस ठिपके खोडले.

सगुणाला रडू आलं, आणि रागही आला. खोटा ठिपका काढायला तिचा हात धजेना. मग ठिपका खरा करणं एवढंच उरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंगावरचा एक काटा उपटला, तोच दगड उलटला आणि विंचविणीच्या पाठीवरचं एक पिल्लू हलकेच खाली सरकवलं. झाले दहा. इथे कुणीही शहाणा थांबला असता. पण बाकीची पिल्लं घाबरून आपणच भराभर उतरली, आणि जमिनीवर आहे ते मोजलंच पाहिजे म्हणून सगुणा मोजत राहिली. तिने तीस लिहिलं आणि विंचविणीने नांगी मारली.

सुजलेला पंजा छातीशी धरून सगुणा कचेरीत पोचली. घामाने तिचे काटे निथळत होते. नियमात बसणारा इतका भरगच्च नकाशा कचेरीत कधी आलाच नव्हता, त्यामुळे बगळेसाहेब खूश झाले. त्यांनी शिक्का मारला. मग नियमांचं पुढचं पान वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. चोविसाच्या वर ठिपके गेले की वस्ती अतिधोक्याची ठरत होती. अशा वस्तीत जायला वैद्याला मनाई होती. तिथल्या रोग्याला हात लावायलाही मनाई होती.

"साहेब, पिल्लं घरात एकटी आहेत," सगुणा म्हणाली. "ती पेटी आहे तरी कुठे?"

"तळ्याकाठी, आमच्या वस्तीत. तिथे एकही विंचू नाही," बगळेसाहेब म्हणाले. "एवढं मोलाचं औषध सुरक्षित जागी नको का ठेवायला?"

 सगुणा तिथेच खाली बसली, कारण तिचे पाय गार पडायला लागले होते.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरंच मोजावं, पण चोवीसपर्यंतच.