टेमघरची वीट

सदाभाऊ केणे कुणाच्याही घरी गेले की चपला काढण्याआधी भिंतीवर टकटक करत. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून तीन ठोके, मग भिंतीला कान, मग निकाल. "पोकळ हाय!" हा निकाल ते इतक्या मोठ्याने देत की घरमालकाला वाटावं, आता ही बातमी कल्याणच्या वेशीपर्यंत गेली. खरी गंमत पुढेच असे. भिंत पोकळ निघाली की सदाभाऊ खुशीत येत, ऐसपैस मांडी घालत, दोन वेळा चहा घेत आणि उठायचं नाव काढत नसत. भिंत भक्कम निघाली तर मात्र एक अक्षर न बोलता परत फिरत. एका यंत्रमागवाल्याने हौसेने बंगला बांधला आणि वीटभट्टीवाला माणूस म्हणून सदाभाऊंना मुद्दाम बोलावलं. त्यांनी ठोकलं, ऐकलं, चपला पायातच होत्या, तसेच गेले. त्या मागवाल्याने पुढे वर्षभर त्यांच्याकडे बघितलं नाही.

आमच्या शाळेच्या नव्या वर्गाच्या उद्घाटनालाही हेच. पाहुण्यांचं भाषण संपायला आणि सदाभाऊंचा तिसरा ठोका पडायला एकच गाठ. "गिलावा सोडला तं आत काय न्हाय!" मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. सदाभाऊंनी दोन पेढे खाल्ले आणि त्या वर्गात तासभर आनंदाने बसून राहिले.

दुसऱ्याच्या घरातलं न्यून बघून सुखावणारी माणसं असतात, त्यातलेच हे, असं मी ठरवून टाकलं होतं. मी शाळेतली बाई. एखाद्याला एकदा शेरा दिला की तो सहसा खोडत नाही.

आमचं घर टेमघरच्या वाटेवर, यंत्रमागाच्या शेडला चिकटून. मागांच्या धक्क्यांनी आमच्या भिंतीचा गिलावा विटांपासून केव्हाच सुटला होता. साहजिकच सदाभाऊंचा मुक्काम बराचसा आमच्याकडे. टेमघरला त्यांची वीटभट्टी होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी, ती पडघ्याला दिलेली. भट्टी मुकादम बघे आणि मुकादमाला कुणी बघत नसे. थोडक्यात, धडधाकट माणूस आणि हाताला काम नाही. अशी माणसं एक तर निवडणुकीला उभी राहतात किंवा समाजसेवा करतात. सदाभाऊंनी समाजसेवा निवडली, आणि तीही परदेशात.

त्याचं असं झालं. शेजारच्या शेडवर दिलबहादूर नावाचा नेपाळी राखणदार होता. त्याला वाचता येत नसे. त्या पावसाळ्यात त्याला गावाहून पत्र आलं, ते घेऊन तो माझ्याकडे आला. नेपाळीची लिपी आपलीच, पण भाषा मला ठार कळत नाही. मी मोठ्याने वाचायचं, मला काही समजायचं नाही, आणि ऐकून त्याला सगळं समजायचं, अशी आमची सोय. "पहिरोले घर लग्यो," मी वाचलं. त्यातलं 'घर' एवढं मी ओळखलं. बाकीचं त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. मी वाचत होते आणि तो उंबऱ्यावर खाली खाली बसत चालला होता.

"पहाड गिर गया, मास्टरनीजी," तो म्हणाला. "ग्यारह घर गये."

सदाभाऊ त्या वेळी आमच्याकडे दुसरा चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"अकरा? बांधू."

"सदाभाऊ, तो परदेश आहे," मी म्हटलं.

"मंग? परदेशात काय भिंती आडव्या ठेवतात?"

आठवड्याच्या आत भट्टीवरच्या पत्र्याच्या खोपटावर पाटी लागली: 'परदेश गृहबांधणी मदत मंडळ, टेमघर, भिवंडी'. पाटी खोपटापेक्षा रुंद होती. खोपटाचे पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले, आणि खाली परदेशात घरं बांधणारं मंडळ. अध्यक्ष सदाभाऊ. मदतीची जमवाजमव सलीमभाईंकडे. त्यांचे वीस माग होते आणि जीभ त्याहून जास्त चाले. माझं अक्षर बरं म्हणून चिटणीस मी. मला कुणी विचारलं नव्हतं. पाटीवर नाव रंगवून झाल्यावर कळवलं.

गावाला विषय मिळाला. "सदाभाऊ, आमचं गटार तेवढं नेपाळला पाठवा हो, म्हणजे तुम्ही बांधाल," असं लोक भर बाजारात म्हणत. सलीमभाईसुद्धा म्हणायचे, "बाई, अपने भिवंडी में क्या सब ताजमहाल में रहते हैं?" आणि असं म्हणत म्हणत शेडमधल्या घोंगड्या बांधून देत. माझाही प्रश्न तोच होता. टेमघरच्या वाटेवरच मला पाच पडकी घरं दिसत. सदाभाऊ म्हणत, "त्यांना मी हाय ना. त्यांना वीट मी कवा न्हाय बोललो?" ते मात्र खरं होतं. त्यांच्या भट्टीवरून गरीब माणूस रिकामा गेलेला मी पाहिला नाही.

मंडळाची पहिली सभा म्हणजे घराचा नकाशा. तो मी तिमाहीच्या पेपरांच्या पाठीवर काढला, सदाभाऊंनी सांगितला.

"पश्चिमेला मोठी खिडकी काढा."

"कशाला?"

"खाडीचा वारा नको?"

"तिथे खाडी नाही, सदाभाऊ. तिथे बर्फ आहे."

"वारा तं असंल!"

दिलबहादूर "जी साब" म्हणाला. तो कशालाही "जी साब" म्हणे. मग ठराव. सदाभाऊंनी सांगितला, मी लिहिला: 'मंडळाच्या कोणत्याही घरात मधली भिंत असू नये.' विटा भाजून जन्म गेलेला माणूस, आणि त्याच्या मंडळाचा पहिला ठराव भिंतीच्या विरोधात. मी कारण विचारलं. "ठराव म्हंजे ठराव," एवढंच म्हणाले. मी लिहून मोकळी झाले.

दसऱ्याच्या सुट्टीला दिलबहादूर गावी निघाला तेव्हा सदाभाऊंनी त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत आपल्या भट्टीची एक वीट घातली. नमुना म्हणून. तिथल्या भट्टीवाल्याने तशीच भाजावी म्हणून. बिचारा ती वीट घेऊन तीन दिवस रेल्वेत बसला, मग मोटारीत, मग दोन दिवस पहाड चढला. तो परत आल्यावर आम्हाला उलगडा झाला की त्या गावात घरं दगडमातीची बांधतात आणि वीट म्हणजे काय हे निम्म्या गावाला ठाऊक नाही. हे दिलबहादूरला अर्थातच आधीपासून माहीत होतं. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगणं "जी साब" मध्ये बसत नव्हतं.

तरीही घरं उभी राहिली. दगडाची, पहिल्या वर्षी दोन, पुढच्या वर्षी एक. पश्चिमेच्या खिडक्या लोकांनी गवत कोंबून बंद केल्या. विटेचं काय करायचं हे न सुचल्याने तिला दिलबहादूरच्या घरी देवाशेजारी ठेवलं होतं आणि लोक ती बघायला येत होते. सदाभाऊ हे ऐकून इतके फुगले की महिनाभर त्यांच्याशी दुसरं काही बोलताच आलं नाही.

अडलं ते चौथ्या घरापाशी. पत्र आलं, मी वाचलं: "आमा गोठमा हुनुहुन्छ." यातला 'गोठ' मी ओळखला आणि तो शब्द मला आवडला नाही. दिलबहादूरने सांगितलं ते असं. दोघे भाऊ, दोन चुली, म्हातारी आई एकच. घर गेल्यापासून आई गुरांच्या गोठ्यात. भावांचं पटत नाही, त्यांना घरात मधली भिंत हवी, दोन दारं हवीत.

"भिंत न्हाय," सदाभाऊ म्हणाले. "भिंत मागतील तं घर न्हाय."

"साब, ठंडी आ रही है," दिलबहादूर म्हणाला. "जी साब" सोडून त्याने सदाभाऊंना उद्देशून उच्चारलेलं ते पहिलंच वाक्य असावं.

"न्हाय म्हंजे न्हाय." आणि उठून गेले. दुसरा चहा तसाच राहिला.

मी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर छत्री घेतली आणि भांडायला टेमघरला गेले. इतक्या वर्षांत सदाभाऊंच्या घरी मी कधी गेले नव्हते. तेच सगळ्यांकडे जात. त्यांच्याकडे जायची कुणाला गरज पडत नसे.

घर मोठं होतं. होतं म्हणायचं, कारण त्याच्या बरोबर मधून एक भिंत गेली होती. ओटीवरून निघून, माजघर कापून, मागच्या पडवीपर्यंत. दर्शनी खिडकीच्याही मधून. खिडकीचं एक झडप या बाजूला, दुसरं त्या बाजूला. असली खिडकी मी जन्मात पाहिली नव्हती.

"पलीकडे कोण राहतं?" मी विचारलं.

"महादू. माझा धाकटा."

"आणि ही भिंत?"

"मीच बांधली. नऊ वर्सं झाली. पुतणीच्या हलदीला त्यांनी पयला मान मना दिला न्हाय, तिच्या मामाला दिला. मी दुसऱ्या दिशी गवंड्याला हात लावू दिला न्हाय. माझ्या हातानी बांधली. डबल भाजलेल्या विटा. नऊ इंची."

मी ज्या तोंडाने भांडायला आले होते ते तोंड अजून तयारच होतं. म्हटलं, "मग त्या परक्या माणसांना का अडवता? तुम्ही मानासाठी भिंत घातलीत, ते चुलीसाठी मागतायत. त्यांची आई गोठ्यात आहे, सदाभाऊ. तुमच्या ठरावापायी ती थंडीत मेली तर त्याची नोंद वहीत मी करायची का?"

 ते उठले आणि सवयीने भिंतीवर ठोकलं. तीन वेळा. कान लावला.

"काय न्हाय," ते म्हणाले. "महादूला दमा हाय. पावसात लय खोकतो. एवढी पक्की बांधली बाई, तं खोकलापन आयकू येत न्हाय. हाय का न्हाय, कललं पायजे ना माणसाला." मग म्हणाले, "तुमची भिंत पोकळ हाय. शेजारी लूम चालतं ता सगला आयकू येतं. बरं वाटतं बसायला."

मी छत्री या हातातून त्या हातात घेतली. इतक्या वर्षांचा शेरा खोडायचा म्हणजे जरा वेळ लागतो.

"दगडाच्या भिंतीतून आवाज जातो का?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"न्हाय जात." आणि मग एकदम माझ्याकडे वळले. "ती वीट हाय ना तिकडं? आपली? दिलबहादूर बोलंल तसं तुम्ही लिहा. भिंत बांधा म्हणावं. पन माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर आपली वीट बसवा. तिला मातीचा गारा लावू नका. सुटी ठेवा. कवा वाटलं तं काढता आली पायजे."

मी तिथेच पडवीत बसून नवा ठराव लिहिला. सभासदांची गणपूर्ती नव्हती. सलीमभाईंना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ते म्हणाले, "एक ईंट का मामला है, मेरा अंगूठा लगा दो," आणि पहिल्यांदाच पुढे काही बोलले नाहीत.

त्या थंडीच्या आधी घर झालं. पत्र फाल्गुनात आलं. आमच्याकडेच वाचलं, सदाभाऊ, दिलबहादूर आणि मी. नेहमीप्रमाणे मी न समजता वाचत गेले. 'आमा' दोनदा आलं, 'गोठ' एकदाही नाही, म्हणून मी जरा जोरात वाचायला लागले. शेवटी दिलबहादूर हसला. माझ्या घरात तो पहिल्यांदाच हसला असेल.

"क्या बोला?" सदाभाऊंनी विचारलं.

"साब, ईंट दीवार में टिकती ही नहीं. आमा बीच में बैठती है. इधर का अंगार उधर, उधर का नमक इधर. ईंट नीचे पड़ी रहती है. बच्चे उस पर बैठते हैं."

सदाभाऊंनी चहा संपवला. दुसरा नको म्हणाले.

त्यानंतर पंधरा दिवस ते कुणाकडे फिरकले नाहीत. गावात कुणाच्याच भिंतीवर टकटक नाही म्हणजे काहीतरी बिनसलं, म्हणून मी पुन्हा टेमघरला गेले. सदाभाऊ मधल्या भिंतीपुढे बसले होते. हातात छिन्नी, अंगभर चुना, आणि एका विटेच्या चारी बाजूंनी जेमतेम दोन बोटं खोल खाच. ते आपल्याच विटेला शिव्या देत होते. बाईमाणूस आल्याचं लक्षात येईपर्यंत मी त्यातल्या तीन ऐकल्या. एकही शाळेत चालण्यासारखी नव्हती.

"सदाभाऊ, दारातून जा की," मी म्हटलं. "नऊ पावलं आहेत. मी मोजली."

"दारातून गेलो तं सगला टेमघर बगल. मान जाईल बाई."

"मग पलीकडून महादूंना फोडायला सांगा."

"सांगू कसा? बोलतं कोण?"

 मी ओट्यावर बसले. ते पुन्हा छिन्नीवर घाव घालायला लागले. खाचेतून लाल पीठ पडत होतं. मधेच थांबले. मला वाटलं दमले. पण त्यांनी छिन्नी खाली ठेवली, त्या खाचेला कान लावला, आणि हात वर करून मला गप्प राहायची खूण केली. मी गप्पच होते.

"खोकतंय," ते म्हणाले.

मी घरी येऊन ओव्याची पुडी बांधली आणि शेजारच्या पोराहाती महादूंच्या दाराने पाठवून दिली. कुणी पाठवली ते सांगू नको, असं त्याला म्हटलं.