बाबांच्या उजवीकडची जागा

फोटोग्राफीच्या वर्गाला मी मोजून तीन रविवार गेले आहे, पण कॉम्पोझिशन हा विषय मला पूर्ण समजला आहे. सांगायला संकोच कशाला? माणूस चौकटीच्या मधोमध बसवायचा नाही, थोडा बाजूला घ्यायचा. तो ज्या दिशेला बघतो त्या दिशेला मोकळी जागा सोडायची. मागे पसारा ठेवायचा नाही. झालं. एवढ्यासाठी लोक आयुष्य का घालवतात, कळत नाही.

वर्ग लावायला कारण झाला बाबांचा फोटो. बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो सापडेना. कॅमेरा दिसला की त्यांना आतून काहीतरी आणायचं असायचं. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं. त्या फोटोत ते उजवीकडे बघताहेत आणि त्यांच्या खांद्यावर एक हात आहे. हात कुणाचा, कुणालाच ठाऊक नाही. उजवीकडे काय होतं, तेही नाही. काकाच्या मते, आइस्क्रीम. स्टुडिओवाला हात पुसून द्यायला तयार होता, पण त्याबरोबर खांदाही गेला असता. म्हणून हात राहिला.

आई तो फोटो रोज पुसते. एक दिवस पुसता पुसता म्हणाली, "माझा आत्ताच काढून ठेव."

"कसला?"

"हाच. ह्यांच्या उजवीकडे लावायचा. नाहीतर मी गेल्यावर कुणाच्या तरी वाढदिवसातून कापून काढाल मला. परक्याच्या हातासकट."

"आई, काहीतरी बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. फक्त मी ह्यांच्याकडे बघतेय असा काढ."

मला तो फोटो काढायचाच नव्हता. सहा महिन्यांत एक माणूस भिंतीवर गेलं होतं, तेवढं पुरे होतं. म्हणून म्हटलं, आधी नीट शिकते. शिकण्यात दोनतीन वर्षं सहज निघाली असती. पण तिसऱ्या रविवारी सर म्हणाले, "कॉम्पोझिशन संपलं. आता घरच्या माणसांवर प्रयोग करा." आईला हे कुठून कळलं कोण जाणे. घरी आले तर ती ठेवणीतले कपडे घालून, पावडर लावून, खुर्चीत तयार!

मदतीला काका होता. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. कामाला वाघ, फक्त कुठलं काम ते विचारत नाही.

"मागचं कपाट हलवू या," मी म्हटलं. "पाठीमागे पसारा नको."

"पसारा कसला? कपाट आहे ते," आई म्हणाली.

"फोटोत पसाराच दिसतो."

आम्ही कपाट ढकललं. ते दारापर्यंत मुकाट आलं आणि उघड्या दारात असं अडकलं, की आत येईना, बाहेर जाईना. बाजूला वीतभर फट राहिली. कपाट निघालं तशी मागचा फ्रिज दिसू लागला. फ्रिज हलेना. मी हरले नाही; पसारा नाही तर निदान प्रकाश तरी साधू म्हटलं. काकाला पांढरी चादर दोन्ही हातांत ताणून आईच्या शेजारी उभं केलं. खिडकीतलं ऊन चादरीवर पडून आईच्या चेहऱ्यावर आलं. थोडं काकाच्या डोळ्यांतही गेलं.

"अगं, डोळ्यांतून पाणी येतंय माझ्या."

"येऊ दे. प्रकाश छान आहे."

आईचं वेगळंच. मी बटण दाबलं की तिचे डोळे मिटत. अगदी ठरवून दिल्यासारखे. त्यावरही सरांनी उपाय शिकवला होता.

"आई, डोळे मीट. मान माझ्या डावीकडे, बाबांच्या भिंतीकडे. तीन म्हटलं की उघड. तोवर अजिबात हलायचं नाही."

नेमक्या त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. सगळी इमारत त्यांना पाठीमागे भोंगा म्हणते. भोंग्याने फटीतून डोकावून पाहिलं. त्यांना काय दिसलं? दारात आलेलं कपाट. पांढरी चादर. डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळणारा काका. आणि चादरीशेजारी, डोळे मिटून, चांगल्या कपड्यांत, निश्चल आई.

आम्हाला फक्त जिन्यावरून उतरणाऱ्या चपला ऐकू आल्या. मी एक म्हणून दोन म्हणेपर्यंत कॅमेऱ्याची बॅटरी संपली. "तशीच राहा, बदलते," म्हणून मी आत गेले. परत आले तेव्हा कपाटापलीकडे सगळा जिना भरला होता.

"झोपेतच का हो?"

"सहा महिनेच झाले ना त्यांना जाऊन? विरहच म्हणायचा."

"स्वभाव तिखट होता, पण मनाने चांगल्या."

"तिखट?" आई डोळे न उघडता पुटपुटली.

"आई, ओठ हलवू नकोस."

मी बाहेर जाऊन सांगायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण बाहेर जायला दार नव्हतं. शिवाय इतका चांगला प्रकाश परत मिळाला नसता. मी कॅमेरा डोळ्याला लावला. एक. दोन.

बाहेर भोंगा हुंदका देत म्हणाला, "माझं मोठं पातेलं त्यांच्याकडेच राहिलं हो. आता कुणाजवळ मागायचं?"

आईचे डोळे खाडकन उघडले. ती गर्रकन दाराकडे वळली.

"पातेलं कधीच नेलंयस तू! झाकण राहिलंय, ते घेऊन जा!"

जिन्यात अशी किंकाळी उठली की काकाच्या हातून चादर सुटली. ती सावरायला तो पुढे झुकला आणि त्याचा हात आईच्या खांद्यावर पडला. बाहेर माणसं एकमेकांच्या अंगावरून खाली पळत होती. आणि आई हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. तो आवाज मी विसरत चालले होते. बटण कधी दाबलं गेलं, मला कळलंच नाही.

फोटो पाहून सरांनी कपाळाला हात लावला. आई बरोब्बर मधोमध आहे. फ्रिजचं हँडल तिच्या डोक्यातून उगवलंय. खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. आणि ती बघतेय उजवीकडे, दाराकडे; बाबांकडे तिची पाठ.

"परत काढू," मी आईला म्हटलं. "नाहीतर असं करू, तुझा फोटो बाबांच्या डावीकडे लावू. म्हणजे तू त्यांच्याकडे बघशील."

"आणि ते?"

"ते... आइस्क्रीमकडे."

"नको. ते चाळीस वर्षं झालं," आई म्हणाली. "उजवीकडेच लाव. आता त्यांना बघत बसू दे."

आणि मी गेल्यावर कशाला, आत्ताच लाव, म्हणाली. लावला.

हल्ली नवीन माणूस घरी आला की भिंतीकडे बघून आवाज खाली आणतो. "दोघंही?" असं हळूच विचारतो. मी काही सांगणार, तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर येते. आतापर्यंत तीन कप फुटलेत.

ती मुद्दाम जरा थांबून येते, असा मला संशय आहे.