चौकशीच्या खिडकीतले आबा

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. घोषणा होते.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे! धुळ्याहून सोनगीरला जाणारी सूनबाई आज बाथरूममधून सुटण्यास विलंब होत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत!”

हे माझे सासरे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. प्रवासी म्हणजे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर खोळंबलेले ते स्वतः. उजव्या हाताची मूठ माइकसारखी तोंडापुढे धरायची, आवाज थोडा नाकातून काढायचा आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचं. समोरच्या किराणा दुकानातल्या मारवाडी काकी मला दिवसाआड विचारतात, “आज फिर लेट हो गया क्या, बेटा?” मी साखर घेते आणि घरी येते.

आबा धुळ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी चौकशीच्या खिडकीत गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खिडकी सुटली, माइक सुटला, सवय तेवढी घरी आली. स्वयंपाकाला वेळ लागला की “वांग्याची भाजी उशिराने धावत आहे.” माझा नवरा सचिन फिरतीच्या नोकरीवर असतो. तो शनिवारी घरी आला की त्याला आत घ्यायच्या आधी त्याच्या आगमनाची घोषणा होते आणि तो बिचारा बॅग धरून उंबऱ्यावर उभा राहतो. मी जळगावला माहेरी निघाले, की कुठल्या गाडीत कुठल्या बाजूला बसायचं, ऊन कुठून येईल, हे सगळं आबा ठरवणार. हिवाळ्यात असोद्याहून त्यांची बहीण भरिताची वांगी कंडक्टरच्या हाती पाठवते, तो दिवस तर विचारूच नका. “वांगी एरंडोलला पोचली.” “वांग्यांनी पारोळा सोडलं.” मी पाहुणे येणार असल्यासारखी घर आवरून बसते.

पण हे सगळं मी सोसलं असतं. मला खरा त्रास व्हायचा तो त्यांच्या एका शब्दाचा. “लागेल.”

चौकशीच्या खिडकीत ‘माहीत नाही’ म्हणायचं नसतं, असं आबांचं शास्त्र आहे. गाडी कुठे आहे, बिघडली की पळाली, काही ठाऊक नसलं तरी समोरच्याला सांगायचं, “लागेल, लागेल. फलाटावर थांबा.” गॅस सिलिंडर कधी येणार? लागेल. तुमची गुडघ्याची गोळी संपली का? लागेल. एकदा डॉक्टरांनी विचारलं, “आबा, पोट साफ होतं का?” आबा म्हणाले, “लागेल.”

आणि आमच्या घरात तर प्रश्न विचारणारं एक माणूस चोवीस तास हजर होतं. माझी मुलगी ओवी.

ओवीला मी शाळेतून काढलं तेव्हा ती पहिलीत होती. घरी दिवसभर प्रश्न विचारणारी पोरगी शाळेत तोंड उघडेना. कुणीतरी तिला वर्गात म्हणालं होतं, पुस्तकात नाही ते विचारायचं नाही. तिनं ते इतकं मनावर घेतलं, की हळूहळू घरीही विचारायची थांबली. मला ते बघवलं नाही. मी माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडली आणि तिला घरीच शिकवायला लागले. नियम एकच: तिच्या प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, आपण शोधू’ असं म्हणायचं. सगळं सासर मला वेड्यात काढत होतं. आबांनी एका वाक्यात निकाल दिला होता, “चांगली चालती गाडी डेपोत उभी केली.”

पोरगी पुन्हा बोलायला लागली. प्रश्न परत आले. मी मात्र घरात हळूहळू आंबत गेले. भेंडी चिरताना मला प्रयोगशाळेतला पांढरा कोट आठवायचा. कुणीतरी कामाचं काही आपल्याला विचारतंय आणि आपण सांगतोय, याची भूक लागली होती. म्हणून जुन्या साहेबांचा फोन आला, की सोनगीरच्या अलीकडे हायवेवर नवी प्रयोगशाळा काढलीय, येतेस का, तेव्हा मी जागच्या जागी रडले.

प्रश्न एवढाच, ओवीजवळ कोण?

“मी शे ना,” आबा म्हणाले. “तू बिनधास्त जाय. बठ्ठं शिकाडसू मी तिले.”

आबांच्या अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं, आणि मला भीती त्या सगळ्याचीच होती. पण दुसरं कोण होतं? सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, आईला जळगाव सुटत नाही. मी आबांना समोर बसवून सगळं समजावलं. सकाळी वाचन, मग गणित, दुपारी चित्रं, संध्याकाळी कुंडीतल्या झाडांचं निरीक्षण. आणि काही झालं तरी तिला गर्दीत न्यायचं नाही, ती बावरते. आबांनी मान डोलावून सगळं ऐकलं. चौकशीच्या खिडकीत बसलेल्या माणसाच्या मान डोलावण्याला काही अर्थ नसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दोन महिन्यांत माझ्या पोरीचा पुरता डेपो झाला.

“ओवी, भारताची राजधानी कोणती?”

“दिल्ली. पण थेट गाडी नाही. इंदूरला बदलावी लागेल.”

“एक भागिले दोन?”

“हाफ तिकीट.”

घरी मुलांना शिकवणाऱ्या आम्हा आयांचा एक गट आहे. रविवारी मोबाइलवर सगळे एकमेकांना दिसतात आणि मुलं आपापला प्रकल्प दाखवतात. नाशिकच्या मुलानं ज्वालामुखी केला होता. पुण्याच्या मुलीनं फुलपाखराचं आयुष्य चितारलं होतं. आमच्या कन्येनं आबांची जुनी शिट्टी तोंडात धरली आणि गाडी मागे घेताना शिट्टी कशी मारतात, थांबवताना कशी मारतात, हे इतक्या जोरात करून दाखवलं, की पुण्याच्या घरातलं कुत्रं पलंगाखाली गेलं. आबा मागे उभे राहून “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बस्स!” करत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन कपाळावर हात मारून घेतला.

हेही चाललं असतं. पण मग ओवीनं एक दिवस विचारलं, “आई, मेल्यावर माणूस कुठं जातं?” मी शब्द जुळवायला लागले, तर तीच म्हणाली, “आबांनी सांगितलं. लागेल म्हणाले.” माझं डोकंच सरकलं. ज्या पोरीच्या एकेका प्रश्नासाठी मी माझी उमेदीची वर्षं दिली, तिला आता टोलवाटोलवी शिकवणं चाललं होतं.

त्यातच काही गोष्टी माझ्या लक्षात यायला लागल्या. संध्याकाळी मी घरी पोचायचे तेव्हा ओवी पुस्तक उघडून बसलेली असायची खरी, पण धापा टाकत. चपला धुळीनं माखलेल्या. फ्रॉकवर उसाच्या रसाचे डाग. आबा पंख्याखाली बनियनवर, कपाळावर घाम. “दिवसभर घरीच होतात का?” मी विचारायचे. “घरीच, घरीच,” आबा छताकडे बघून म्हणायचे. “कुंड्या पाहिल्या.” कुंड्यांत माती वाळून तडकलेली असायची.

मग प्रयोगशाळेतली भावना एक दिवस जेवताना सहज म्हणाली, “ताई, तुमची मुलगी किती गोड आहे हो. रोज संध्याकाळी स्टँडवर दिसते, तुमच्या सासऱ्यांबरोबर.”

माझा घास हातातच राहिला. रोज? स्टँडवर? त्या गर्दीत, धुरात?

मी सचिनला फोन केला. म्हटलं, बास झालं. तुझ्या वडिलांना त्यांच्या स्टँडचा शौक पुरा करायला माझी पोरगी सापडली. आज त्यांना रंगेहाथ पकडते आणि उद्या राजीनामा देते. तो म्हणाला, “अगं, घाई करू नकोस.” हे वाक्य फिरतीवर असलेला माणूसच म्हणू शकतो. फोन ठेवला आणि प्रयोगशाळेच्या आवारात गेले. पाण्याच्या मोटारीच्या आवाजाआड उभं राहून रडून घेतलं. नोकरी सोडायची या विचारानं मला आईचं घर विकल्यासारखं वाटत होतं.

त्या दिवशी मी लवकर सुटले आणि भावनाच्या स्कूटीवर मागे बसून धुळ्याला आले. तिनं मला स्टँडच्या दाराशी सोडलं. मी रसाच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिले.

दोघं फलाटाच्या बाकावर बसले होते. आबांनी पांढराशुभ्र सदरा घातला होता, डोक्यावर टोपी. मला वाटलं होतं, जुन्या मित्रांच्या गप्पा रंगल्या असतील, फुशारक्या चालल्या असतील. तसलं काही नव्हतं. फलाटावरच्या नव्या लोकांपैकी आबांना कुणी ओळखतही नव्हतं. घोषणा आता एक बाई करते, रेकॉर्ड केलेली. आबा नुसते शिरपूरकडून गाड्या येतात त्या दाराकडे बघत होते.

माझी रोजची गाडी आली. आबा ताडकन उठले. टोपी सारखी केली, ओवीचं बोट धरलं आणि एका खांबाआड झाले. तिथून डोकं काढून उतरणारा एकेक माणूस बघायला लागले. बायका उतरल्या, पिशव्या उतरल्या, शेवटी कंडक्टर उतरला.

“आबा, आई नाही,” ओवी म्हणाली.

आबा खांबाआडून निघाले आणि थेट गाडीत चढले. रिकाम्या गाडीत पार मागच्या सीटपर्यंत जाऊन आले. खाली उतरून कंडक्टरशी बोलले. त्यानं खांदे उडवले. आबांनी खिशातून मोबाइल काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. मग ते चौकशीच्या खिडकीपाशी गेले. तिथं चार माणसं होती. आबा त्यांच्या मागे रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर वाकून त्यांनी काहीतरी विचारलं. आतल्या पोरानं मान वर न करता हात हलवला, तसे ते बाजूला झाले. मी आबांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

“तुम्ही आबांच्या सूनबाई ना?” रसवाला मला म्हणाला. तो स्टँडवरचा जुना माणूस, रोज गाडीतून उतरताना मला बघत असावा. “आत्ता दोन महिन्यांपासून पुन्हा यायला लागले. पहिले अक्कांसाठी असेच उभे राहत. अक्का नर्स होत्या ना तिकडे खेड्यावर. संध्याकाळच्या गाडीनं येत. ड्युटी सुटली तरी आबा घरी जात नव्हते, लहान पोराला घेऊन इथंच. त्या टाइमाला लोक काय काय बोलत, बायकोला कामाला पाठवतो म्हणून. आबा ऐकतच नव्हते. आता तुमच्यासाठी उभे राहतात.”

सासूबाई नर्स होत्या, एवढं मला माहीत होतं. बाकीचं कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर सचिनला विचारलं तर म्हणाला, “सांगितलं नव्हतं का? मी त्या खिडकीतल्या टेबलाखालीच वाढलो.” या घराण्यातल्या पुरुषांना वांग्यांचा ठावठिकाणा सांगता येतो, कामाचं मात्र एक अक्षर सांगता येत नाही.

मी तिथूनच आबांना फोन लावला. ते दचकलेले मला दिसले.

“आबा, आज मैत्रिणीच्या स्कूटीवर येतेय. गाडीनं नाही. तुम्ही घरीच ना?”

“घरीच शे!” आबा ओरडले. “ओवी अभ्यास करी राहिनी!” त्यांच्या मागे ती रेकॉर्ड केलेली बाई सगळ्या स्टँडला चोपड्याच्या गाडीचा फलाट सांगत होती. मी म्हटलं, बरं.

फोन ठेवल्यावर आबा एकदम बाकावर बसले. टोपी काढून तोंड पुसलं. ओवी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग दोघं उठले आणि रिक्षाकडे पळत सुटले. मी उसाच्या रसाचा एक ग्लास मागवला आणि सावकाश प्यायले. त्यांना माझ्याआधी घरी पोचायला हवं होतं.

घरी आले तेव्हा ओवीसमोर पुस्तक होतं आणि आबा छताकडे बघत होते. मी राजीनाम्याचा विषय काढला नाही. जेवताना फक्त म्हटलं, “आबा, उद्यापासून गाडीत बसले की मी तुम्हाला फोन करत जाईन. म्हणजे काळजी नको.”

“नको,” आबा पटकन म्हणाले.

“का?”

या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाला एक तयार उत्तर असतं. मी ‘लागेल’ची वाट बघत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा उगाच ताटात फिरवला.

“तू फोन करशी,” ते म्हणाले, “ते मंग संध्याकाळले मी काय करू?”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ओवीनं माझ्याकडे बघितलं, मी ताकाच्या भांड्याकडे. मला काही ऐकू आलं नाही, असं आम्ही तिघांनी मिळून ठरवून टाकलं.

नोकरी चालू आहे. ओवीचं गणित मी सकाळी लवकर उठून घेते आणि संध्याकाळचं निरीक्षण कुंड्यांऐवजी माणसांचं होतंय, हे मान्य केलंय. घोषणांनी माझं डोकं अजून उठतं. परवाच आबांनी माझ्या मावससासूबाईंना दारातून ‘मागे या, मागे या’ करून आत घेतलं. फोन मात्र मी करत नाही. गाडीतून उतरले की खांबाकडे बघायचं टाळते आणि त्यांची रिक्षा बाहेर पडेपर्यंत उसाचा रस पिते. मला तो सोसत नाही. सर्दी होते. आणि गाडी स्टँडात वळायच्या आधी मी उठून फलाटाच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसते. वाट बघणाऱ्याला आपलं माणूस लांबूनच दिसावं, एवढ्यासाठी.