कोंडवाड्यातली पाहुणी

गटविकास अधिकारी मॅडमांच्या स्वागतासाठी राखून ठेवलेला झेंडूचा हार एक धिप्पाड म्हैस अत्यंत शांत चित्ताने भक्षण करीत आहे, हे दृश्य धम्मदीपने पाहिले मात्र, तो तडक दाराकडे धावला. मॅडमांची गाडी बोरी अरबहून निघाल्याचा निरोप नुकताच येऊन पोहोचला होता.

मोकाट गुरे अडकवून ठेवण्यासाठी पूर्वजांनी बांधलेला गावचा दगडी कोंडवाडा कित्येक वर्षे ओस पडला होता. धम्मदीपच्या युवा मंडळाने त्यातील बाभळी तोडल्या, भिंतींना रंग दिला, पडवीत पुस्तकांची कपाटे मांडली. वाचकांच्या नेत्रांना शीतलता लाभावी म्हणून अंगणात हिरवळ जोपासली आणि गुरांच्या जुन्या हौदात पाणी भरून कमळे सोडली. दारावरच्या शिळेत कोरलेले ‘कोंडवाडा’ हे नाव मात्र, वास्तूचा मान राखावा या सद्भावनेने, त्यांनी पुसले नाही. उलट त्यात नवा रंग भरला.

सरपंच बबनरावांना ही जागा आपले सोयाबीन साठवायला हवी होती. अखेर ग्रामसभेत ठरले होते, की आज मॅडमांना चालती अभ्यासिका दिसली तर जागा पोरांची, नाहीतर सरपंचांची.

“धावजीकाका, हे काय करून राह्यले तुमी?” धम्मदीपने कळवळून विचारले.

दारात काठी आडवी धरून तांड्यावरचे वृद्ध धावजी ठाण मांडून बसले होते. “माया हरभऱ्यात घुसली होती. म्हनलं, कोंडवाडा चालू झाला, तं तिथंच नेतो. लय चांगलं काम केलं गा पोट्टेहो! चारा हाये, पानी हाये. आमच्या वक्ताले जनावर इथं नुसतं उभं राहे.”

“काका, हे अभ्यासिका हाये!”

“असन. अभ्यास करा न मंग. थे काय तुमाले बोलून राह्यली?”

मंडळाची सचिव ममता म्हशीला मागून ढकलत होती. म्हशीने एकदा मान वळवून तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा हिरवळीकडे लक्ष दिले.

“काका, दार तं सोडा!” ममता ओरडली.

“कोंडलेलं जनावर मालक आल्याबिगर सोडत नसते, बाई. माया आज्यापासूनची रीत हाये. मालकानं चार लोकात म्हनावं, ‘म्हैस मायी, चुकलं.’ दुसरं मले काहीच नाही पायजे.”

कोंडवाडा सुरू झाल्याची वार्ता एव्हाना गावभर पसरली होती. कांताबाईंनी आपल्या वाळवणात तोंड घालणाऱ्या दोन शेळ्या आणून आत सोडल्या. पाठोपाठ कोणीतरी एक गाढव आणले. गाढव थेट पडवीत शिरले आणि स्पर्धा परीक्षांच्या कपाटापाशी गंभीर मुद्रेने उभे राहिले.

इतक्यात कडक इस्त्रीच्या पोशाखात बबनराव अवतरले. अंगणातली दुर्दशा पाहून त्यांचे मुख प्रफुल्लित झाले. मग म्हैस दिसली आणि ते तितक्याच त्वरेने कोमेजले. कारण गेल्याच आठवड्यात पंचायतीच्या भोंग्यावरून त्यांनी स्वमुखाने गर्जना केली होती, “ज्याचं जनावर मोकाट सापडन, त्याले गावासमोर उभं करीन!”

“कोनाची हाये जी, सरपंचसाहेब?” धावजींनी नम्रपणे विचारले.

“मले काय मालूम? मायी नाही!”

म्हशीने मान उचलली आणि त्यांच्याकडे पाहून ती प्रेमाने हंबरली.

गाडी येऊन थांबली. मॅडम उतरल्या. त्यांनी शिळेवरचे नाव वाचले, आत डोकावून पाहिले आणि धम्मदीपला विचारले, “अभ्यासिका पाहायला बोलावलं होतं ना मला?”

धम्मदीपने गाढवापलीकडच्या कपाटाकडे बोट दाखवले. बबनरावांना संधी दिसली. “म्याच म्हनत होतो, मॅडम. पोट्ट्यायच्यानं हे होत नसते. हा आपला कोंडवाडाच बरा.”

“अस्सं!” धावजी काठी टेकत उभे राहिले. “सरपंचच म्हनते कोंडवाडा हाये, तं मंग रीतच लागू. मालक सापडेलोक म्हैस इथंच. मॅडम, तुमीच चौकशी लावा. घरोघरचे खुंटे पाहा, जिथला रिकामा असन, थो मालक.”

बबनरावांच्या भाळावर घाम तरारला. त्यांचा हात उंचावला आणि आवाज भोंग्यावरच्याहून वर चढला. “अरे, कायचा कोंडवाडा? हे अभ्यासिका हाये, अभ्यासिका! विद्येची जागा! इथं जनावर कोंडाचा कोनालेच अधिकार नाही. आत्ताच्या आत्ता सोडा थे म्हैस!”

“लिहून घेते,” मॅडम म्हणाल्या. “जागेला सरपंचांची मान्यता आहे.”

धावजींनी निमूटपणे काठी बाजूला केली. शेळ्या गेल्या, गाढवही गेले. म्हैस मात्र जागची हलेना. ममताने ढकलले, धम्मदीपने शिंगे धरली, मॅडमांच्या चालकाने पदर खोचावा तशी पँट खोचून हातभार लावला, व्यर्थ. दाराच्या एका बाजूला सोडून ठेवलेली उद्घाटनाची फीत वाट पाहत होती आणि सारे गाव टक लावून उभे होते.

बबनरावांनी एकदा आकाशाकडे पाहिले. मग खाली मान घालून, धारेच्या वेळी लावावा तसा मऊ आवाज लावून ते म्हणाले, “चंद्रे… ए चंद्रे… चाल मा, घरी चाल.”

चंद्री तत्काळ वळली. उद्घाटनाची फीत शिंगावर घेऊन ती अभ्यासिकेतून बाहेर पडली आणि बबनरावांच्या पाठोपाठ चालू लागली.

धावजींनी पागोटे सारखे केले आणि आदराने हात जोडले. “राम राम, सरपंचसाहेब. ‘चुकलं’ नाही म्हनलं तरी चालन.”