मैनेची थकबाकी

सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवरून अधूनमधून हात फिरवून जायचं, हे काम जावयाकडे आपसूक आलं होतं. मुलगी दिली म्हणजे एवढं तरी व्हायला हवं, असं सासऱ्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं. त्या रविवारी जावयाने सगळी सॉफ्टवेअरं अपडेट करायला घेतली. मध्येच पडद्यावर मजकुराने भरलेली एक चौकट उघडली आणि त्याने ती न वाचताच ‘पुढे’ दाबलं. वाचायची गरजच काय होती? मजकूर त्याचाच होता.

हे जरा फोड करून सांगायला हवं. जावई नोकरी एका कचेरीत करायचा, पण त्याचा जीव रमायचा मुक्त सॉफ्टवेअरच्या बिनपगारी कामात. या दुनियेत प्रोग्राम लिहितो एक जण. असे ढीगभर प्रोग्राम गोळा करून, एकमेकांशी जुळवून, लोकांच्या हाती तयार संच देणारी मंडळी वेगळी. त्या संचाला म्हणतात वितरण. वितरणवाले कधीकधी प्रोग्राममध्ये पदरचे बदलही करतात. खुशाल करावेत, कोणाची ना नसते, पण मग वापरणाऱ्याला तसं कळवायचं, हा तिथला धर्म. नाहीतर बाही आखूड करतो घरचा शिंपी आणि बोलणी खातो कापड विणणारा.

जावयाकडे अशाच एका छोट्या प्रोग्रामची देखभाल होती. ठरवलेल्या वेळी आठवण करून देणारा प्रोग्राम, तोही बोलून, बाईच्या गोड आवाजात. सासरे त्याला मैना म्हणायचे. कॉम्प्युटर बंद असताना जी आठवण हुकली ती हुकली, मैना पुन्हा तिचं नाव काढायची नाही. लोकांची औषधं चुकू लागली, तक्रारी आल्या, तेव्हा जावयाने आपल्या वितरणापुरता बदल केला. कॉम्प्युटर उघडला की मैना हुकलेल्या सगळ्या आठवणी ओळीने बोलून दाखवणार. बदल चांगलाच होता. त्याची सूचनाही त्याने मन लावून लिहिली होती आणि अपडेट करताना ती पडद्यावर येईल अशी सोयही केली होती.

सासरे छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. टूथपेस्टच्या नळीवरचा मजकूरही शेवटपर्यंत वाचणारा माणूस. चौकट दिसली असती तर त्यांनी ती दोनदा वाचली असती.

त्यानंतर ते काही आठवडे मुलीकडे, म्हणजे जावयाच्याच घरी, जाऊन राहिले. इकडे कॉम्प्युटर बंद, मैना मुकी. ते परतले बुधवारी, आणि त्याच संध्याकाळी डॉक्टर आले. डॉक्टर म्हणजे सासऱ्यांचे शाळेपासूनचे मित्र. सासरे निवृत्त झाले त्याच सुमाराला त्यांनीही दवाखाना बंद केला होता, आणि तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी दोघांचा बुद्धिबळाचा पट मांडला जायचा. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आधी नातीचे फोटो दाखव. सासऱ्यांनी कौतुकाने कॉम्प्युटर उघडला आणि मैनेने थकबाकी चुकवायला सुरुवात केली.

गुडघ्याला तेल लावणे. झाडांना पाणी. इथवर ठीक होतं. मग तितक्याच गोड आवाजात ती म्हणाली, “बुधवार. डॉक्टर येतील. दुसरा डाव हरणे. घाई करू नये, त्यांना संशय येतो.”

सासऱ्यांनी आवाज बंद करायचं बटण शोधलं. ते सापडेपर्यंत मैना पुढच्या बुधवारावर पोहोचली होती. “डॉक्टर येतील. पुन्हा वजीर उघडपणे देऊ नये. या वेळी हत्तीवर भागवावे.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. “म्हणजे मी जिंकायचो ते तुझ्या कामांच्या यादीत असायचं,” ते शांतपणे म्हणाले. “गुडघ्याच्या तेलाखाली.” मग चहाला न थांबता ते निघून गेले. पुढच्या बुधवारी आले नाहीत, आणि त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर वाजत राहायचा.

सासऱ्यांची झोप उडाली. निवृत्तीनंतर त्यांच्याशी बोलणारी माणसं दोनच उरली होती, डॉक्टर आणि मैना, आणि एकीने दुसऱ्याला घालवलं होतं. त्यांनी मैनेच्या मूळ लेखकाचा पत्ता शोधून काढला आणि त्याला निर्दोष भाषेत खरमरीत मेल लिहिली. माणसाचं खासगी चव्हाट्यावर मांडणारा प्रोग्राम लिहिताना आपल्याला काहीच कसं वाटलं नाही, असा एकंदर सूर होता. कुठल्या तरी दूरच्या गावच्या त्या भल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी उत्तर पाठवलं. माझा प्रोग्राम हुकलेल्या गोष्टींबद्दल चकार शब्द काढत नाही, हा बदल तुमच्या वितरणाने केलेला दिसतो, तेव्हा कृपया तिथल्या देखभाल करणाऱ्याला विचारावं. खाली त्या देखभाल करणाऱ्याचं नाव होतं.

सासऱ्यांनी ते नाव दोनदा वाचलं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी मुलीला फोन करून एवढंच सांगितलं की नवऱ्याला घेऊन ये.

जावई बायकोबरोबर आला, समोर बसला आणि त्याने बाजू मांडली.

“बाबा, मी सूचना दिली होती. अपडेट करताना पडद्यावर येते.”

“मला दिसली नाही.”

“कारण त्या दिवशी अपडेट मी करत होतो. मी पुढे दाबलं.”

“न वाचता?” बायकोने विचारलं.

“अगं, मीच लिहिली होती. त्यात काय आहे ते मला माहीत होतं.”

“म्हणजे ज्याला माहीत होतं त्याने वाचली नाही, आणि ज्याला माहीत नव्हतं त्याला दिसली नाही,” बायको म्हणाली. “मग लिहिलीस कोणासाठी?”

सासऱ्यांनी जावयाला ती सूचना उघडायला लावली आणि जुन्या सवयीने हातात पेन्सिल घेऊन वाचली. वर सगळं आभारप्रदर्शन आणि मुद्द्याची गोष्ट तळाला, एवढाच शेरा त्यांनी दिला. जावयाने तिथेच बसून तळाची ओळ वर आणली. मग सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आता डॉक्टरला पण सांगून ये. माझं तो ऐकायचा नाही.” जावयाला स्वतःचीच लाज वाटली.

डॉक्टर घरी एकटेच होते. समोर पट मांडलेला होता आणि ते स्वतःशीच खेळत होते. जावयाने सगळा दोष आपल्या अंगावर घेतला, वितरण म्हणजे काय तेही सांगितलं. डॉक्टरांनी शिंप्याच्या दाखल्यापर्यंत ऐकून घेतलं आणि हात वर केला.

“मशीन खरं तेच बोललं. माझी पंचाईत वेगळीच आहे.” त्यांनी एक प्यादं उचलून पुन्हा तिथेच ठेवलं. “नोकरी सुटल्यावर तुझा सासरा फार खचला होता. म्हणून मी ठरवलं, याच्याशी खेळायचं आणि हरायचं. इतकी वर्षं मी जीव तोडून हरतोय. आता त्याच्यावर रागवायचं तरी कोणत्या तोंडाने, म्हणून फोन उचलत नव्हतो.”

जावई बघतच राहिला. “पण जिंकायचे तर बऱ्याचदा तुम्हीच.”

“तेच तर. मला वाटायचं, आपल्याला हरणंसुद्धा जमत नाही. मध्ये एकदा त्याने वजीर माझ्या तोंडापुढे आणून ठेवला. मी न दिसल्यासारखं केलं. मनात म्हटलं, बिचाऱ्याची नजर गेली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता मी.”

एकेक डाव इतका का लांबायचा, याचा जावयाला उलगडा झाला. दोघेही आपापला राजा दुसऱ्याच्या दारात नेऊन उभा करायचे आणि दोघेही सभ्यपणे तिकडे काणाडोळा करायचे. त्याने डॉक्टरांना गाडीत घातलं आणि सासऱ्यांपुढे आणून उभं केलं. खरं काय ते कळल्यावर सासरे आधी गोरेमोरे झाले, मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. आता लपवाछपवी नको, एक डाव खरा होऊन जाऊ दे, असं ठरलं.

खरा डाव चहा यायच्या आत संपला. डॉक्टर जिंकले. सासऱ्यांना उगाच घरातली कामं आठवली, डॉक्टरांनीही लवकर जायचं निमित्त काढलं. उरलेल्या संध्याकाळचं काय करायचं ते दोघांनाही कळेना.

पुढच्या बुधवारी जावई मुद्दाम डोकावला. पट मांडलेला होता, पण एकही सोंगटी हललेली नव्हती.

“बरं झालं आलास,” सासरे म्हणाले. “आमचं पूर्वीचंच बरं होतं, आम्ही ते परत आणलंय. फक्त आता आधी कळवून करायचं. मी याला सूचना दिली की आज मी हरणार.”

“आणि मी त्याला सांगितलं की ते चालायचं नाही,” डॉक्टर म्हणाले. “मागचा डाव हा हरला. आज पाळी माझी.”

“मागचा डाव मी खराखुरा हरलो. तो यात धरायचा नाही.”

“का नाही? हरणं ते हरणं.”

दोघेही बाह्या सावरून बसले होते. चहावर साय धरली होती. जावई दारातच उभा राहून ऐकत होता. इतक्या वर्षांत त्या पटावर दोघे पहिल्यांदाच जिंकायच्या ईर्ष्येने समोरासमोर आले होते, आणि मागे हटायला कोणीच तयार नव्हतं.