सबनीसकाकांचं कोलंबस

लग्न कुणाचंही असो, आमंत्रण असो वा नसो, शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सबनीसकाका पाहुणे उतरलेल्या हॉटेलच्या लॉबीत हजर. इस्त्रीचा फुलशर्ट, डोक्यावर बेसबॉल कॅप आणि हातात पुठ्ठ्याची पाटी: 'पाहुणे'. कुणाचे, ते लिहिलेलं नसतं. त्यामुळे एकदा भलत्याच लग्नातलं एक गुजराती कुटुंब त्यांच्या व्हॅनमध्ये बसलं आणि दुपारी शहर बघून खूश होऊन परतलं. ज्यांना न्यायला काका आले होते, ते मराठी पाहुणे तोवर लॉबीत कॉफी पीत बसून होते.

काका आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. मूळचे मिरजेचे. ओहायोतल्या या कोलंबस शहराच्या पाणी खात्यात तीस वर्षं इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, काकांनी लग्नाचे पाहुणे धरले.

आता खरं सांगायचं तर कोलंबसला हौसेनं कुणी येत नाही. नोकरीसाठी येतात, शिकायला येतात, नाहीतर लग्नाला येतात, आणि अक्षता टाकून झाल्या की विचारतात, "इथून शिकागो किती लांब?" हा प्रश्न काकांसमोर काढायचा नाही. "शिकागो काय पळून जातंय? आमचं गाव लाजाळू आहे, त्याला आधी भेटा," असं म्हणून ते पाहुण्याला दंडाला धरून व्हॅनकडे नेतात. व्हॅन सुरू झाली की पहिलं वाक्य ठरलेलं: "मंडळी, कोलंबस कोलंबसला कधी आलाच नाही. तुम्ही आलात. मग त्याच्या पुढे कोण?"

"आम्ही!" असं सगळ्यांनी ओरडल्याशिवाय गाडी पार्किंगमधून हलत नाही.

माझ्या मीराचं लग्न ठरलं तेव्हा तिला पहिली काळजी लागली ती काकांच्या सिमेंटच्या कणसांची. गावाबाहेर, जिथे पूर्वी मक्याचं शेत होतं, तिथे माणसाएवढाली सिमेंटची कणसं ओळीनं उभी केलेली आहेत. काका प्रत्येक पाहुण्याला एकेका कणसाशेजारी उभं करून फोटो काढतात.

"आई, प्लीज, काकांना कॉर्न स्किप करायला सांग. रोहनचे लोक हसतील. इट्स सो एम्बॅरसिंग!"

मी जाऊन चाचरत सांगितलं. काका म्हणाले, "हसू देत की. हसलेला पाहुणा जेवतो चांगला."

शुक्रवारी यजमान म्हणून मीही व्हॅनमध्ये बसले. वरपक्षाकडच्या वसुधामावशी, म्हणजे रोहनच्या आईची थोरली बहीण, थेट नागपूरहून आल्या होत्या. गुडघे दुखरे, पण जीभ ठणठणीत. कणसांपाशी उतरून त्यांनी एका कणसावर टकटक केलं. "काय हो भाऊ, शिजतं का हे?" पार्कात झुडपं कातरून केलेली हिरवी माणसं बघून म्हणाल्या, "आमच्याकडे बकऱ्यांनी एका दिवसात संपवली असती." आणि स्टेटहाउससमोर, म्हणजे राज्याच्या विधानभवनासमोर, विचारलं, "राजधानी म्हणता, मग घुमट कुठाय?"

"आमचं गाव टोपी घालत नाही," काका म्हणाले. मावशी इतक्या हसल्या की त्यांना धरून बसवावं लागलं.

शेवटचा मुक्काम नदीकाठी. तिथे काका सगळ्यांना घरच्या नळाचं पाणी पाजतात. "प्या. चव सांगा." सगळ्यांनी पाण्याची चव घेऊन स्तुती केली. काका बाटल्यांची झाकणं लावत असताना मावशींनी सहज विचारलं, "भाऊ, तुमच्या मुलीच्या लग्नात तर तुम्ही पाहुण्यांना दोन दिवस फिरवलं असेल!"

काकांचा हात थांबला.

"अनघाचं लग्न इथे नाही झालं. तिकडे कॅलिफोर्नियात झालं, बीचवर. मी म्हटलं होतं, इथे करू. तर म्हणाली, बाबा, लोक एवढ्या लांबून येणार, इथे त्यांना दाखवायला काय आहे?"

"आजकालच्या पोरी!" मावशी म्हणाल्या. "ज्या गावात वाढली त्याला नावं ठेवते?"

"नाही हो, नावं कसली." काकांनी एक झाकण उगाच परत उघडलं, परत लावलं. "बरोबरच बोलली ती. अठरा वर्षं इथे राहिली, पण मी तिला नेलं कुठे? शाळा, डान्स क्लास, ग्रोसरी. शनिवारी कुठेतरी पाइप फुटायचा, रविवारी मी झोपायचो. लग्नात तिच्या सासऱ्यांनी मला विचारलं, तुमच्या गावात काय काय आहे? मला एकही गोष्ट सांगता आली नाही. परत आल्यावर मी नकाशा घेऊन बसलो."

सगळे परत व्हॅनमध्ये चढले. मावशी म्हणाल्या, "अहो, पण आम्हाला काय दाखवता? तिला दाखवा."

"तिला वेळ नसतो."

"बोलावलं का कधी?"

काकांनी व्हॅन सुरू केली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी काका आमच्या दारात उभे. "नीलिमा, अनघा आलीये कॅलिफोर्नियाहून. नातपण आहे, सहा वर्षांची. तू चल आमच्याबरोबर."

"कुठे?"

"तेच सुचत नाहीये गं. तिला कंटाळा आला तर?" व्हॅनभर पाहुण्यांना ओरडायला लावणारा माणूस रुमालानं मान पुसत होता.

गाडीत बसल्यावर काकांचं 'पुढे कोण?' झालं नाही. कणसं नाहीत, पार्क नाही; त्यांनी आम्हाला नेलं ते रस्त्याच्या कडेच्या एका लाकडी जिन्यानं खाली, झाडीतल्या एका छोट्या धबधब्याशी. ऑगस्टातला धबधबा म्हणजे कुणीतरी नळ नीट बंद न केल्यासारखा. काका ओशाळून म्हणाले, "एप्रिलमध्ये छान असतो."

नातीला त्याचं काहीच नव्हतं. ती बूट काढून ओल्या दगडांपाशी पोचलीसुद्धा. अनघा बाकावर बसून तिच्याकडे बघत राहिली. फोन दोनदा वाजला, तिनं घेतला नाही.

"बाबा, हे आपल्या घरापासून किती लांब आहे?"

"अकरा मिनिटं," काका म्हणाले, आणि खाली बघत उभे राहिले.

बाकावर पर्स ठेवलेली होती, ती उचलून अनघानं मांडीवर घेतली आणि थोडी सरकली. काका जाऊन तिच्याशेजारी बसले.